लाळेच्या चाचणीने बायोप्सी टळते का? एक खुलासा

‘लाळ किंवा रक्त तपासलं की तोंडाचा कॅन्सर आहे की नाही ते पक्कं कळतं, बायोप्सी नको’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. लाळेतल्या इंटरल्यूकिन-८ सारख्या प्रथिनांवर संशोधन चालू आहे, आशादायकही आहे. पण नुसत्या हिरड्या सुजल्या तरी हेच प्रथिन वाढू शकतं. रक्तातलं एससीसी अँटिजेन (कॅन्सरची खूण म्हणून तपासलं जाणारं प्रथिन) सोरायसिससारख्या त्वचेच्या आजारात किंवा मूत्रपिंडाच्या आजारातही वाढतं; उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ते नॉर्मल येऊ शकतं. (हे जास्त घातक, कारण माणूस निर्धास्त होतो.) निदान पक्कं होतं ते बायोप्सीनेच, म्हणजे संशयित जागेचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. २ आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा असेल तर डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.