तीन वर्षं, पण कुणाच्या हाताखाली?

मी इथे अमेरिकेत एका फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाच्या, जजच्या चेंबरमध्ये लॉ क्लार्क म्हणून लागले, तेव्हा काकांचा फोनवर पहिला प्रश्न होता, "म्हणजे नाझर की शिरस्तेदार?" काकांची चाळीस वर्षं तालुका कोर्टात गेली. त्यांच्या हिशेबात कोर्टातला क्लार्क तारीख सांगतो नि नक्कल देतो, आणि वकिलाचा क्लार्क फायलींचं गाठोडं घेऊन पळतो. मी यातलं काहीच करत नव्हते. दोन्ही बाजूंचे अर्ज वाचायचे, जुने निकाल शोधायचे, जजसाठी टिपण लिहायचं आणि सांगितलं तर निकालाचा कच्चा मसुदाही. सही जजची, जबाबदारीही त्यांचीच. १८८२ साली इथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी हार्वर्डच्या एका ताज्या पदवीधराला स्वतःच्या खिशातून पगार देऊन ठेवलं, तेव्हापासूनची ही चाल. बहुतेक क्लार्क एक-दोन वर्षांत बाहेर पडतात.

हे आज लिहायचं कारण माझी भाची. भावाची मुलगी, कराडची. वकिलीची सनद नुकतीच हातात आलेली, आणि जेएमएफसीच्या, म्हणजे खालच्या कोर्टात दिवाणी न्यायाधीश नि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी होण्याच्या, परीक्षेचा अभ्यास सुरू असतानाच मे २०२५मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश व्हायला आधी तीन वर्षं वकिली हवी. ही अट पूर्वीही होती, २००२मध्ये काढली गेली, आता परत आली. कारणही पटण्यासारखं दिलंय: कॉलेजातून थेट खुर्चीवर बसलेल्यांना कोर्ट चालवताना अडचणी येतात, असं अनेक हायकोर्टांनी कळवलं होतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. काका म्हणाले, "कोर्टाची पायरी झिजवल्याशिवाय साक्षीदार खोटं बोलतोय हे कळत नाही." भाची म्हणाली, "आजोबा, पायरी झिजेल, पण तोवर खायचं काय?"

मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच चिडचिड होते. लग्न होऊन इकडे येण्याआधी मीही अडीच वर्षं एका सिनियर वकिलाच्या हाताखाली ज्युनियर होते. सिनियर माणूस वाईट नव्हता, पण त्या अडीच वर्षांत मी शिकले ते तारीख मागायला. "साहेब, सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत" हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकेन. पैसे? दिवाळीला एक पाकीट. वकिलांची देशातली नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४मध्ये ज्युनियरला महिना शहरात २० हजार, खेड्यात १५ हजार द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधन घातलं नाही. आणि आता तीन वर्षांचा दाखला द्यायचा तो किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने. म्हणजे फुकट राबवणाऱ्याच्याच सहीवर पुढची वाट.

इथे नागरिकत्व मिळाल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मी पुन्हा लॉ स्कूलला गेले आणि मग त्या चेंबरमध्ये. खटल्यांबद्दल तेव्हाही अवाक्षर काढायची मुभा नव्हती, आजही नाही. पण कामाची रीत सांगता येईल. तुरुंगातून हाताने लिहिलेले अर्ज यायचे, वकील नसलेल्या कैद्यांचे. एका अर्जावर मी पहिल्याच आठवड्यात दीड पानात "काही तथ्य नाही" असं टिपण दिलं. जजसाहेबांनी मला बोलावलं, अर्ज उघडला आणि पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली. "हे वाचलंस?" वाचलं होतं, पण अक्षर लागेना म्हणून पुढे गेले होते. पुढचा तासभर आम्ही दोघं खिडकीशी कागद धरून ते अक्षर लावत बसलो. अर्ज शेवटी फेटाळलाच गेला, पण सहा पानांचा निकाल लिहून, आणि ती ओळ त्यात उत्तरासकट होती. अडीच वर्षांच्या तारखांनी मला जे शिकवलं नाही ते त्या तासाने शिकवलं.

दुसरी गोष्ट सप्टेंबरची. १९९०च्या एका कायद्यामुळे सहा महिन्यांहून जास्त पडून असलेल्या दिवाणी अर्जांची यादी जजच्या नावासकट जाहीर होते, मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर. यादीत नाव नको म्हणून सप्टेंबरात सगळी चेंबरं उशिरापर्यंत जागी. घाईत लिहिलेले निकाल दिसतातही, खोटं कशाला बोलू. पण जन्मभरासाठी नेमलेल्या, कुणाला न घाबरणाऱ्या माणसाला निदान त्या यादीची लाज वाटते.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र नाही. चेंबर म्हणजे चार भिंतींतलं संस्थान. जज चांगला असेल तर गुरू, नाहीतर दाद मागायची कुठे? नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १९६४चा नागरी हक्क कायदा या क्लार्कना लागूच नाही. नववं सर्किट नावाच्या अपील कोर्टातले जज ॲलेक्स कोझिन्स्की यांनी डिसेंबर २०१७मध्ये तडकाफडकी निवृत्ती घेतली, ती त्यांच्या माजी क्लार्क महिलांनी वर्तमानपत्रांतून लैंगिक छळाचे आरोप केल्यावर. आणि प्रवेश? मोजक्या लॉ स्कूलांची मक्तेदारी. इथल्या आजच्या सुप्रीम कोर्टातल्या नऊपैकी सहा न्यायमूर्ती एकेकाळी तिथेच क्लार्क होते. घराणेशाही फक्त आपल्याकडेच चालते असं समजणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

तरीही माझं मत सांगते. मेच्या निकालात एक ओळ आहे जिच्यावर ग्रुपवर कुणीच बोललं नाही: जजकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम त्या तीन वर्षांत धरलं जाईल. पण आपल्याकडे लॉ क्लार्क असतात ते मुख्यतः सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टांत. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, कराडहून सत्तरेक किलोमीटर. तिथल्या जागा किती आणि इच्छुक किती! खाली तालुक्याच्या जजला चांगला स्टेनो मिळाला तरी नशीब. दिवसाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, मोठा, रोजनामा लिहायचा, साक्ष नोंदवायची आणि निकाल रात्री घरी. जिल्हा आणि तालुका कोर्टांत देशभर चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत, आणि ती वाचणारा माणूस एकटा. तिथे एक पगारी क्लार्क द्या. जजला वाचणारा सोबती मिळेल, आणि माझ्या भाचीला दिवाळीच्या पाकिटाऐवजी महिन्याचा पगार.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्याला पैसे कोण देणार?" प्रश्न रास्त आहे, उत्तर सरकारने द्यायचंय. भाचीलाही फोन केला. ती कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होती, मागे गलका.

"आत्या, नंतर बोलू का? सिनियरनी तारीख घ्यायला पाठवलंय. पुकारा झाला बघ."