‘सरपंचबाई नावाला, कारभार नवऱ्याचा’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत जवळ आली की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण सांगणे तेच असते. बाईच्या नावावर निवडणूक होते आणि खुर्चीत नवरा बसतो, म्हणून आरक्षण फुकट गेले. महिला सरपंच असलेल्या गावात कामे होत नाहीत. बायकांना कायदा आणि हिशेब कळत नाही. जी खरोखर कर्तबगार असते ती आरक्षणाशिवायही पुढे येतेच. या चारही विधानांना गावात सहज माना डोलावल्या जातात, आणि त्यामुळेच त्यांचा एकेक करून विचार करणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या विधानापासून सुरुवात करू, कारण त्यात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. सरपंचपती हा प्रकार अस्तित्वात आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने २०२३ मध्ये या प्रश्नावर सल्लागार समिती नेमली आणि २०२५ च्या सुरुवातीला तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रश्न कपोलकल्पित असता तर एवढे करण्याची गरजच पडली नसती. परंतु हे मान्य केल्यावर त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा, हा खरा वादाचा मुद्दा आहे. कायद्याने एका व्यक्तीला दिलेला अधिकार दुसरी व्यक्ती बळकावत असेल, तर दोष बळकावणाऱ्याचा असतो आणि उपाय त्याला रोखण्याचा असतो. जिचा अधिकार गेला तिचे पदच काढून घ्यावे, हा उपाय दुसऱ्या कोणत्याही बाबतीत आपण न्याय्य मानणार नाही. शिवाय पॅनेलप्रमुखाच्या, ठेकेदाराच्या किंवा तालुक्याच्या नेत्याच्या सांगण्यावरून सह्या करणारे पुरुष सरपंच आपल्याकडे कमी नाहीत, पण त्यांच्याकडे बोट दाखवून पुरुष कारभाराला नालायक आहेत असे कोणी म्हणत नाही.

नवऱ्याची ही सत्ता घरात सुरू होत असली तरी टिकते ती कार्यालयात, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. वित्त आयोगाच्या निधीतील देयके आज ऑनलाइन अदा होतात आणि त्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे कालपर्यंतचे ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. ही स्वाक्षरी ज्या लहानशा उपकरणात असते ते सरपंचबाईंच्या हाती न राहता संगणक चालकाच्या खणात किंवा पतीच्या खिशात राहत असेल, तर बँकेतून पैसे कधी आणि कोणाला गेले हे तिला सर्वांत शेवटी कळते. पंचायत समितीतून बैठकीचा निरोप येतो तो पतीच्या मोबाइलवर, आणि बैठकीत तो मागच्या खुर्चीवर बसला तरी अधिकारी मान वळवून त्याच्याशीच बोलतात. यातली प्रत्येक गोष्ट शासकीय यंत्रणेच्या हातातली आहे, आणि ती मनावर घेतली तर उद्या सकाळी थांबवता येईल. उलट गैरव्यवहार उघड झाला की ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली पदावरून दूर केली जाते ती सरपंच. तिच्या नावाने कारभार करणारा पती त्या कारवाईच्या कक्षेतच येत नाही.

आणि एखादी स्त्री स्वतः कारभार करू लागली तर काय होते, याचेही उत्तर महाराष्ट्रातलेच आहे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचांविरुद्ध अशी तक्रार झाली की, त्या सरकारी जागेवर बांधलेल्या सासूच्या घरात राहतात. आपण पती व मुलांसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम ठेवला आणि उच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले, आणि एक स्त्री सरपंचपदी निवडून आली ही गोष्टच गावकऱ्यांना पचली नाही, अशा आशयाचे स्पष्ट निरीक्षण नोंदवले. नवऱ्याच्या मागे राहिली तर नामधारी आणि पुढे झाली तर अपात्र, अशा कोंडीत सापडलेल्या स्त्रीकडे पाहून ‘यांच्यात नेतृत्वच नाही’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरे विधान कामांविषयीचे आहे आणि ते पुराव्यावर तपासता येते. आरक्षित पदे फेऱ्याने बदलत असल्यामुळे अभ्यासकांना आपोआपच एक चांगली संधी मिळाली : सारखी परिस्थिती असलेल्या गावांपैकी काहींत स्त्री प्रमुख आणि काहींत बहुधा पुरुष. एस्थर डुफ्लो (ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानमधील उदयपूर या जिल्ह्यांतल्या २६५ ग्रामपंचायतींची अशी तुलना केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही ठिकाणी स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केल्याचे आढळले. बीरभूममध्ये त्यांनी रस्त्यांवरही अधिक खर्च केला, कारण तिथल्या स्त्रियांचे ते गाऱ्हाणे होते. राजस्थानात स्त्रियांचे ते गाऱ्हाणे नव्हते आणि तिथे रस्त्यांवरचा खर्च वाढला नाही. म्हणजे गावातल्या बायका जे मागत होत्या ते त्यांच्यातल्याच एकीने ऐकले. निव्वळ नवऱ्याच्याच मर्जीने कारभार चालत असता, तर खर्चाचा कल असा बदलण्याचे काही कारण नव्हते.

याच डुफ्लो यांनी पेटिया टोपालोवा यांच्यासह केलेला दुसरा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अनेक राज्यांतील माहिती पाहता स्त्री प्रमुख असलेल्या गावांत पाण्याच्या सोयी अधिक होत्या, त्यांचा दर्जा इतरांच्या तोडीचा होता आणि लोकांना लाचही कमी द्यावी लागत होती. एवढे असूनही त्या गावांतले लोक सोयीसुविधांविषयी कमी समाधानी होते. जे पंचायतीच्या अखत्यारीतच येत नाही त्याविषयीसुद्धा ते नाराज होते. ‘आमच्या गावचा अनुभव सांगतो’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने यावर थांबून विचार करावा, कारण अनुभव म्हणून जे सांगितले जाते त्यात आधीच बनवलेल्या मताचा वाटा किती, हे स्वतःचे स्वतःला सहसा दिसत नाही.

हा वाटा मोजण्यासाठी बीरभूममध्ये एक साधा प्रयोग झाला. तेच भाषण काहींना पुरुषाच्या आवाजात आणि काहींना स्त्रीच्या आवाजात ऐकवून वक्त्याची पारख करायला सांगितले. जिथे पूर्वी कधी स्त्री प्रमुख झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातल्या त्याच शब्दांना कमी लेखले. जिथे आरक्षणामुळे स्त्री प्रमुख होऊन गेली होती तिथे हा भेदभाव जवळजवळ नाहीसा झाला होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष असा की, लागोपाठ दोन वेळा पद आरक्षित राहिलेल्या गावांत त्यानंतर खुल्या जागांवरही अधिक स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पुढे याच जिल्ह्यात असेही दिसले की, अशा गावांत मुलींच्या शिक्षणाविषयी आईवडिलांच्या अपेक्षा उंचावल्या आणि शाळेतल्या मुलामुलींमधले अंतर मिटले. पाण्याचा नळ पाच वर्षांत मोजता येतो; सातवीतल्या मुलीच्या मनात काय बदलले ते मोजायला जास्त काळ लागतो, आणि आपण तेवढा धीर धरत नाही.

तिसरे विधान अज्ञानाचे. आंध्र प्रदेशातील रोजगार हमीच्या कामांचा अभ्यास असे सांगतो की, महिला सरपंचांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला अनियमितता अधिक आढळल्या. हा निष्कर्ष लपवण्याचे कारण नाही, पण तो पूर्ण वाचला पाहिजे : अनुभव वाढत गेला तसे हे अंतर भरून निघाले. ज्या व्यक्तीला पंचायतीचे दफ्तर कधी पाहूच दिले नाही, तिला ते समजून घ्यायला वेळ लागणार, आणि तो वेळ कोणत्याही नवख्या पुरुषालाही लागतो. प्रश्न असा आहे की शिकून तयार झाल्यावर आपण तिला किती काळ देतो. पाच वर्षांनी आरक्षण फिरते, जागा खुली होते, आणि ज्या पॅनेलने तिला उमेदवारी दिली तेच पॅनेल ‘आता तुमचे झाले’ म्हणून तिला घरी बसवते. तमिळनाडूने आरक्षणाचा फेरा दोन कार्यकाळांचा, म्हणजे दहा वर्षांचा केला आहे. महाराष्ट्रात ही सुधारणा व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण पहिली पाच वर्षे शिकण्यात गेली तरी दुसरी पाच वर्षे गावाच्या पदरात पडतील.

अक्षरओळख नसणे हीदेखील अंतिम अपात्रता नसते. साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडमध्ये स्त्रियांची सहकारी बँक काढण्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा सांगतात त्याप्रमाणे त्या बायका काही महिन्यांत साक्षर होऊन परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमचे अधिकारी यंत्राशिवाय करून दाखवतील का, असे त्यांनी विचारले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. व्यवहार कळणे आणि अक्षरे वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात रोज शेळ्या, कोंबड्या, भाजी विकणाऱ्या बाईला पहिली गोष्ट शिकवावी लागत नाही.

चौथे विधान, म्हणजे कर्तबगार स्त्री आरक्षणाशिवायही पुढे येते, याची परीक्षा घ्यायला फार लांब जावे लागत नाही. जिथे आरक्षण नाही तिथे काय घडते ते विधानसभेत दिसते. २०२४ च्या निवडणुकीत २८८ आमदारांमध्ये महिलांची संख्या वीसच्या आसपास राहिली. ग्रामपंचायतींत निम्म्या जागांवर स्त्रिया काम करतात त्याच राज्यात हे घडते. कर्तृत्व पंचायतीपाशी येऊन संपते असे मानायचे नसेल, तर उमेदवारी कोण देतो आणि कोणाला देतो, याकडेच वळावे लागेल.

मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकांवरचा रिखिल भवनानी यांचा २००९ मधील अभ्यास इथे नेमका उपयोगी पडतो. एखादा प्रभाग महिलांसाठी राखीव राहून पुढच्या निवडणुकीत खुला झाला, तर तिथून स्त्री निवडून येण्याची शक्यता, आधीच्या निवडणुकीत राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट असल्याचे त्यांना आढळले. स्त्रियांमध्ये क्षमता नव्हती म्हणून त्या मागे होत्या, असे असते तर आरक्षण उठताच त्या पुन्हा पूर्वीच्या जागी गेल्या असत्या. तसे झाले नाही, कारण मतदारांनी आणि पक्षांनी एकदा त्यांना काम करताना पाहिले होते.

आरक्षणाआधी स्त्रिया निवडून आल्याची उदाहरणे आहेत, आणि ती अभिमानाने सांगितली पाहिजेत. १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने गावपातळीवर स्त्रियांची पॅनेले उभी केली आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेरमध्ये पूर्ण ग्रामपंचायत स्त्रियांच्या हाती आली. परंतु त्या बायका एकट्यादुकट्या पुढे आल्या नव्हत्या. त्यांच्यामागे संघटना होती, अधिवेशने होती, आणि लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत तर पुरुषांनी पत्नीच्या नावे जमीन करून दिली होती. ज्या गावात अशी संघटना नाही तिथे आरक्षण हाच पहिला आधार असतो, आणि तो काढून घेतला तर मागे काहीच उरत नाही.

म्हणून गावात सोडत निघेल तेव्हा तो मजकूर पुढे पाठवण्याऐवजी काही साध्या गोष्टी विचाराव्यात. सरपंचबाईंची डिजिटल स्वाक्षरी कोणाकडे आहे? पंचायत समितीच्या नोंदीत कोणाचा मोबाइल क्रमांक लिहिलेला आहे? नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती खरोखर भरते की नुसत्या सह्या गोळा होतात, आणि तिथे झालेले ठराव ग्रामसभेपुढे वाचून दाखवले जातात का? मासिक सभेच्या इतिवृत्तात अध्यक्ष म्हणून जिचे नाव आहे तीच खुर्चीवर होती का, हे सदस्यांनी सहीपूर्वी पाहिले का?