घाम गळतोय म्हणजे अंग थंड होतंय असं नाही

‘विदर्भात 45 अंशांत लोक राबतात, मग ठाणे-नवी मुंबईत 34 ला उष्माघाताची ओरड कशाला? घाम येतोय ना, शरीर आपोआप थंड होतं. जनावरांना तर सवयच असते, फवारा मारला की झालं.’ उन्हाळा लागला की हा मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. तो खरा मानून एखादा मुकादम दुपारची विश्रांती बंद करेल, म्हणून त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

34 आणि 45 ची तुलनाच चुकीची आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला, की पाणी सुकताना हवा कुठवर थंडावा देऊ शकते ते कळतं. हा आकडा जितका जास्त, तितका घामाचा थंडावा कमी. हवा 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर हे ओलं तापमान 23 च्या आसपास येतं. 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातल्या नेहमीच्या दुपारी, ते 28 च्या वर जातं. यावरून विदर्भातलं ऊन निरुपद्रवी ठरत नाही. तिथे घाम येताक्षणी सुकतो, अंगातलं पाणी कधी आटलं ते कळत नाही आणि माणसं दगावतात. आपल्याकडे घाम नीट सुकतच नाही. हवामान विभागही म्हणूनच मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार 40 अंशांपासून करतो आणि किनारपट्टीवर 37 पासून.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर 14 माणसं उष्माघाताने गेली. त्या दिवशी या भागातलं तापमान 38 अंशांच्या आसपास होतं. 45 नव्हे.

घामाबद्दलचं वाक्य सगळ्यात घातक आहे. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपटप खाली पडला, तर थंडावा जवळपास शून्य, आणि पाणी-मीठ मात्र गेलंच. वाशीच्या बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडीचा सदरा दिवसभर ओलाचिंब असतो, पण त्यातला किती घाम सुकला हा खरा प्रश्न आहे. शिवाय कष्टाच्या कामात झालेल्या उष्माघातात रोगी घामाने डबडबलेलाही असू शकतो. घाम पाहून निर्धास्त राहू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.

आता जनावरं. कल्याण-भिवंडीकडच्या तबेल्यांत बहुतेक म्हशी. काळी कातडी, विरळ केस आणि गाईपेक्षा कमी घामग्रंथी, म्हणून तर म्हैस डबकं शोधते. तिला सवय आहे ती पाण्यात डुंबण्याची, पत्र्याखाली दाटीवाटीने बांधून राहण्याची नव्हे. होल्स्टीन या विदेशी जातीच्या संकरित गाईचे हाल याहून वाईट. डांगी किंवा गीर ही देशी गाय मात्र बरीच तग धरते. दुभत्या गाईंसाठी तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. 72 च्या पुढे त्रास सुरू होतो असं मानतात. वर दिलेल्या दोन्ही दुपारींचा हिशेब केला तर 43 अंशांच्या कोरड्या दुपारी तो 85 येतो आणि आपल्या 33 अंशांच्या दमट दुपारी 86! जनावर धापा टाकतं, लाळ गाळतं, बसायचं सोडून उभं राहतं, चारा कमी खातं. दूध घटतं, माजाची लक्षणं मंदावतात, गाभण राहणं लांबतं. कोंबडीला तर घामग्रंथीच नाहीत. ती फक्त चोच उघडून धापा टाकू शकते.

राहिला फवारा. बंद तबेल्यात बारीक धुकं सोडणारा फवारा आधीच दमट असलेली हवा आणखी दमट करतो. कातडीपर्यंत भिजेल असं भरपूर पाणी टाका, मग पंखा लावून ते सुकू द्या, आणि पुन्हा भिजवा. पंख्याशिवाय नुसतं पाणी अर्धवट उपाय आहे. बाजूच्या भिंती मोकळ्या ठेवा, पिण्याचं पाणी सावलीत ठेवा, वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्या, कारण रवंथ आणि पचनातूनही अंगात उष्णता तयार होते.