एका अर्जात दीडशे देशांचे पेटंट मिळत नाही

उद्योजकांच्या आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: "एकच पीसीटी अर्ज करा, १५०हून जास्त देशांत आंतरराष्ट्रीय पेटंट मिळवा. सर्च रिपोर्ट चांगला आला की पेटंट पक्के. ३० महिने निर्धास्त राहा. आधी भारतात अर्ज करायचीही गरज नाही." मी पुण्यात पेटंट एजंटचे काम करते. या मजकुरावर विसंबलेली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा बऱ्याचदा एखादी मुदत उलटून गेलेली असते, आणि तेव्हा माझ्या हातात फारसे काही उरत नाही. म्हणून त्यातले एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

"आंतरराष्ट्रीय पेटंट मिळते." असे पेटंट कुठेच मिळत नाही. पीसीटी म्हणजे पेटंट सहकार्य करार. तो १९७० साली वॉशिंग्टनमध्ये झाला, १९७८ पासून त्याखाली अर्ज घेतले जाऊ लागले आणि भारत ७ डिसेंबर १९९८ रोजी त्यात सामील झाला. त्याचा कारभार जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे वायपो, पाहते. वायपो अर्ज नियमांप्रमाणे आहे का ते पाहते आणि प्रसिद्ध करते, पण पेटंट देत नाही. या एका अर्जाने करारातल्या सगळ्या देशांत तुमच्या अर्जाची तारीख धरली जाते. पेटंट मात्र प्रत्येक देशाचे कार्यालय स्वतः तपासून देते किंवा नाकारते. शिवाय तैवान आणि पाकिस्तान या करारात नाहीत. इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणाऱ्याने तैवान विसरणे परवडत नाही.

पेटंट त्या त्या देशापुरतेच चालते, हे मराठी वाचकाला हळदीच्या प्रकरणावरून लगेच कळावे. १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तो लढा मोलाचा होता. पण ते पेटंट जिवंत होते तेव्हाही सांगलीच्या हळदीला किंवा आपल्या घरातल्या हळदीच्या लेपाला त्याने हात लावला नव्हता, कारण ते फक्त अमेरिकेत लागू होते. हाच नियम आपल्यालाही लागतो. तुमचे पेटंट फक्त भारतात असेल, तर चीनमध्ये तीच वस्तू बनवून जर्मनीत विकणाऱ्याला त्या पेटंटच्या जोरावर तुम्ही अडवू शकत नाही.

"सर्च रिपोर्ट चांगला आला की पेटंट पक्के." सर्च रिपोर्ट म्हणजे तुमच्या आधी झालेल्या कामाचा शोध घेणारा अहवाल. त्यासोबत शोध पेटंटयोग्य आहे का याबद्दल लेखी मत येते, पण ते कोणत्याही देशावर बंधनकारक नसते. भारतीय पेटंट कार्यालय २०१३ पासून स्वतः असे रिपोर्ट देते. उपचारपद्धतीवर अमेरिकेत पेटंट मिळू शकते, भारतात पेटंट कायद्याचे कलम ३, म्हणजे कशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी, तिथेच थांबवते. ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाच्या स्फटिकरूपाला अनेक देशांनी पेटंट दिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ते कलम ३(ड)खाली नाकारले. रिपोर्टचा खरा उपयोग वेगळा आहे. तुमच्या आधी कोणी काय केले आहे ते त्यात दिसते. रिपोर्ट वाईट असेल तर पुढच्या देशांचा खर्च वाचवता येतो.

आता सर्वांत घातक वाक्य: "३० महिने निर्धास्त." हे महिने पीसीटी अर्जापासून मोजायचे नसतात, पहिल्या अर्जापासून मोजायचे असतात. समजा, भारतात पहिला अर्ज १० मार्च २०२५ रोजी केला. पीसीटी अर्ज १० मार्च २०२६ पर्यंत करायचा. सप्टेंबर २०२६ मध्ये, म्हणजे १८ महिने होताच, शोध जगासमोर प्रसिद्ध होणार. आणि १० सप्टेंबर २०२७ पर्यंत बहुतेक देशांत नॅशनल फेजमध्ये शिरायचे, म्हणजे त्या त्या देशाच्या कार्यालयात पेटंटची प्रक्रिया सुरू करायची. युरोप आणि भारतात एक महिना जास्त मिळतो. जपान, चीन, कोरियात संपूर्ण अर्जाचे भाषांतर लागते, प्रत्येक ठिकाणी स्थानिक वकील लागतो आणि पेटंट टिकवायला पुढे नूतनीकरणाची फी. खर्चाचा मोठा भाग इथे सुरू होतो. तेव्हा हे महिने बाजार शोधण्याचे, भागीदार गाठण्याचे आणि पैसा उभा करण्याचे आहेत. जिथे नॅशनल फेज घेतला नाही, तिथे तुमचे प्रसिद्ध झालेले स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे सविस्तर वर्णन, वाचून कोणीही वस्तू बनवू शकतो. पुढे जायचेच नसेल तर प्रसिद्धीच्या तयारीआधी अर्ज मागे घ्या, म्हणजे त्या अर्जातून शोध उघड होणार नाही. हे कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

"भारतात आधी अर्ज नको" हा सल्ला तर कायदा मोडायला लावणारा आहे. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशात अर्ज करण्याआधी एकतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचे, नाहीतर फॉर्म २५ भरून लेखी परवानगी घ्यायची, असे कलम ३९ सांगते. ते मोडले तर त्याच शोधाचा भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो आणि मिळालेले पेटंटही रद्द होऊ शकते.

मजकुरात एक गोष्ट मुळीच नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. माझ्याकडे विद्यार्थ्यांचा एक गट आला होता. शेतीचे एक सुंदर अवजार त्यांनी बनवले होते. पण अर्जाच्या १४ महिने आधी त्यांचा शोधनिबंध छापून आला होता. स्वतःच्या प्रसिद्धीला अमेरिका एक वर्ष माफ करते. तेही निघून गेले होते. युरोपात तर निबंध छापून आला त्याच दिवशी दार बंद झाले. कोणत्याही पीसीटी अर्जाने ते परत उघडत नाही. मुलांच्या मार्गदर्शकांना विनंती आहे, आधी अर्ज करा, मग निबंध पाठवा. अर्ज आधी झाला की निबंध दुसऱ्या दिवशीही पाठवता येतो.

फीबद्दल थोडे. ३० पानांपर्यंतच्या अर्जाची आंतरराष्ट्रीय फी १,३३० स्विस फ्रँक आहे. सगळे अर्जदार भारतातल्या भारतीय व्यक्ती असतील तर तीत ९० टक्के सूट मिळते. एकही अर्जदार कंपनी असेल तर मिळत नाही. पण केवळ सवलतीसाठी कंपनीचा शोध स्वतःच्या नावावर घालू नका, मालकीचा वाद पुढे जास्त महाग पडतो.

आणि अर्ज प्रसिद्ध झाला की वायपोसारखे नाव आणि चिन्ह वापरून "नोंदणी फी" मागणारी पत्रे येतात. त्यात तुमचा अर्ज क्रमांक बरोबर असतो, कारण तो आता सगळ्यांना दिसतो. वायपो स्वतः याबद्दल सावध करते. असे पत्र आले तर एक रुपयाही भरण्याआधी ते आपल्या एजंटला दाखवा.