'गरीब' हा शब्द नव्हता, म्हणून गरिबी नव्हती?

गेल्या आठवड्यात आईचा निरोप आला: "मावशी व्याधिग्रस्त आहे. सवडीने संपर्क साध." वाचून पोटात गोळाच आला. आई असं कधी लिहीत नाही. हातातलं काम टाकून फोन केला, तर मावशीला दोन दिवस ताप होता आणि तोही उतरत आला होता. "मग आजारी आहे असं सरळ का नाही लिहिलंस?" तर म्हणाली, "अगं, आजारी हा आपला शब्द नाही ना. मोगलांचा आहे तो. ते आलंय ना सगळीकडे, तुलाही पाठवलंय बघ."

पाहिलं. तोवर तो मजकूर मला आणखी तीन जणांकडून येऊन गेला होता. सुरुवातच अशी की "जुन्या ग्रंथांचा सखोल अभ्यास करून" हे लिहिलं आहे. ग्रंथ कोणते, अभ्यास कोणी केला, याबद्दल अक्षर नाही. म्हणणं थोडक्यात असं: ज्ञानेश्वरीत एकही फारसी शब्द नाही. संतांनी फारसीचा विटाळ होऊ दिला नाही. शिवाजी महाराजांनी सगळे परके शब्द हद्दपार केले. पुढे चाळीसेक 'मोगली' शब्दांची यादी आणि त्यांच्या जागी वापरायचे 'मूळ प्राचीन' शब्द. आणि शेवटी ठळक अक्षरांत: "मराठीत गरीब हा शब्दच नव्हता, कारण आपल्याकडे कोणी गरीबच नव्हतं."

हा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

'गरीब' हा शब्द मुळात अरबी, फारसीमार्फत आपल्याकडे आला, हे खरं. अरबीत त्याचा अर्थ परका, परदेशी. आपण त्याला निर्धन हा अर्थ लावला, वर साधा, निरुपद्रवी असाही लावला. 'स्वभावाने गरीब आहे हो पोरगी' असं आपण म्हणतो तेव्हा तिच्याकडे पैसे आहेत की नाहीत याच्याशी संबंध नसतो. शब्द बाहेरून आला, पण तो ज्या गोष्टीला लावला ती इथे आधीपासून होती. दरिद्र, दीन, रंक, दुर्बळ हे शब्द काय श्रीमंतांसाठी होते? 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाचा नायक चारुदत्त हा दारिद्र्याने पिचलेला माणूस आहे, आणि ते नाटक मोगलांच्या कितीतरी शतकं आधीचं.

पण संस्कृतकडेही जायला नको. आपल्याच मातीतली, महाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती' घ्या. सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा संग्रह. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. त्यात एक गाथा 'दुग्गअघरम्मि घरिणी' अशी सुरू होते. दुग्गअ म्हणजे दुर्गत, परिस्थितीने गांजलेला. अशा घरातली गृहिणी गरोदर आहे. नवरा तिला विचारतो, तुला डोहाळे कसले लागलेत, काय खावंसं वाटतं? आपण काही मागितलं तर ते आणायचं कुठून या काळजीने त्याचा जीव कासावीस होईल, म्हणून ती सांगते: पाणी.

दोन ओळींची गाथा. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. महाराष्ट्रात गरिबी कशी दिसत होती हे याहून स्पष्ट कोणी काय सांगणार? तिच्या डोहाळ्यांसाठी गाथेत 'दोहल' हा शब्द आहे, आणि तो घासत घासत आपल्या 'डोहाळे'पर्यंत पोचला. 'दुग्गअ' मात्र वाटेत गळाला आणि त्याची जागा पुढे 'गरीब'ने घेतली. शब्द बदलला, घर तेच राहिलं. शब्द नव्हता म्हणून माणसं उपाशी नव्हती, असं म्हणणं म्हणजे त्या बाईने केलेल्या त्यागावर पाणी ओतणं आहे.

आता शिवाजी महाराज. इथे अर्धी गोष्ट खरी आहे आणि ती मी मान्य करते. महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला. रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेल्या या कोशात १४०० च्या आसपास शब्द आहेत, राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशा दहा वर्गांत लावलेले. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणं हा त्याचा हेतू, आणि तो कोशाच्या आरंभी स्पष्ट सांगितला आहे. पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापती, डबीराचा सुमंत ही पदनामं त्याच काळातली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ च्या कागदांतले शब्द मोजून फारसीचं प्रमाण उतरत गेल्याचं दाखवलं, तेही बरोबर.

पण हा कोश दरबाराचा आहे. महाराजांनी रयतेच्या तोंडातले शब्द काढून घेतले, असं त्यातून कुठेही निघत नाही. दरबाराबाहेर काय झालं ते 'पेशवा' या एकाच शब्दावरून दिसतं. शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' कोरलं गेलं, पण लोक पेशवेच म्हणत राहिले, आजही म्हणतात.

आणि आईच्या 'आजारी'चं काय? चिपळूणजवळ हलवर्णला असलेल्या छावणीतल्या लोकांना महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, राज्याभिषेकाच्या तोंडावरचं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि गवत आत्ताच उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांकडून कोणाचे दाणे, कोणाची भाकर, कोणाचा पाला हिसकावाल, आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असं त्यात बजावलं आहे. पत्राचा मायनाच 'मशहुरल अनाम' असा अरबी-फारसी वळणाचा आहे. ते लिहिलं आहे जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना. आणि रयतेला काडीचाही 'आजार' देऊ नका, हा त्याचा गाभा. फारसीत आजार म्हणजे त्रास, उपद्रव. पत्रात त्याच अर्थाने आला आहे. पुढे मराठीने तो शरीराच्या त्रासापुरता ठेवला. म्हणजे आपल्या इतिहासातल्या सगळ्यात मायेच्या आज्ञांपैकी एक ज्या शब्दात दिली गेली, तो शब्द लिहायला माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला आता लाज वाटते. कोणा अनाम माणसाने तिला ही लाज शिकवली.

कोणी म्हणेल, हे पत्र कोशाच्या आधीचं. ठीक. मग 'आज्ञापत्र' घ्या, राज्यकारभारावरचं, रामचंद्रपंत अमात्यांचं, १७१५ च्या सुमाराचं. महाराजांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्यात वतनदार आहेत, हुजूर आहे, मुलूख आहे, सगळे अरबी-फारसीतून आलेले. "ज्याचें आरमार त्याचा समुद्र" हे वाक्य तर सगळ्यांना पाठ. त्यातलं 'आरमार' पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलेलं.

ज्ञानेश्वरीबद्दलचा दावा जवळपास खरा आहे. पण ती शके १२१२, म्हणजे १२९० सालची, आणि अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला १२९६ मध्ये. ज्या भाषेशी अजून नीट गाठच पडली नव्हती, तिचे शब्द येणार कुठून? यात कसला निग्रह?

संतांनी विटाळ होऊ दिला नाही, हे मात्र साफ खोटं. ज्ञानेश्वरीच्या पाठांमध्ये शिरलेली अशुद्धं काढून शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत कोणी तयार केली? एकनाथांनी. जुन्या मराठीची त्यांच्याइतकी पारख त्या काळात कोणाला होती? त्याच नाथांनी 'अर्जदस्त' लिहिली आहे: सरकारी अर्जाच्या थाटात, बंदगी, परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी अशा शब्दांत, जिवाने देवापुढे मांडलेली. ऐकणाऱ्या माणसाचा रोजचा दिवस ज्या कचेरीच्या भाषेत जात होता, तिच्यातूनच त्यांनी परमार्थ सांगितला. आणि तुकोबा? "मिरासीचें म्हणूनि सेत" हा अभंग वारीत आजही म्हटला जातो. मिरास म्हणजे वडिलोपार्जित हक्क, आणि हा शब्द अरबी आहे. तो बदलून दाखवा पाहू.

यादीबद्दल फार लिहीत नाही. चावी, पगार, बटाटा, तुरुंग हे 'मोगली' म्हणून दिलेत, ते पोर्तुगीजांकडून आलेत. 'प्राचीन' म्हणून दिलेले दिनांक आणि महापौर सावरकरांच्या भाषाशुद्धीने विसाव्या शतकात रूढ केले. चांगले शब्द आहेत, मीही वापरते, पण ते कोणत्याही जुन्या ग्रंथातून मोगलांनी हुसकावलेले नाहीत. ज्या कवी माधव जूलियनांनी भाषाशुद्धीच्या बाजूने 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला, त्यांनीच आधी फारसी-मराठी कोश रचला होता. काय काढायचं ते त्यांना नीट ठाऊक तरी होतं.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. पत्राचं ऐकून ती गप्प झाली. गाथा मात्र तिने दोनदा म्हणायला लावली, आणि मग म्हणाली, "माझ्या आईने पण असंच सांगितलं असेल गं." आज सकाळी तिचा निरोप आला, मावशीचा आजार गेला म्हणून.