अमेरिकन लीग डीएचमुळे जिंकत होती, हा समज चुकीचा आहे

ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलमधल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या विजेत्यांची अंतिम लढत आली की एक दावा हमखास फिरू लागतो: '१९७३ पासून २०२१ पर्यंत अमेरिकन लीगकडे डेझिग्नेटेड हिटर (डीएच) होता, नॅशनल लीगकडे नव्हता. अमेरिकन लीगला एक बॅटर फुकटात मिळाला, त्यामुळे तिची त्या काळातली विजेतेपदं खरी धरू नयेत.' बेसबॉलवर माझं मनापासून प्रेम आहे आणि हे वाक्य दरवर्षी वाचून मला वाईट वाटतं. ज्यांनी ती विजेतेपदं घाम गाळून मिळवली, त्यांच्यावर हा सरळ अन्याय आहे.

नियम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिचरऐवजी (चेंडू टाकणाऱ्याऐवजी) फक्त बॅटिंग करणारा खेळाडू म्हणजे डीएच. ६ एप्रिल १९७३ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कवर न्यूयॉर्क यांकीजचा रॉन ब्लॉमबर्ग पहिला डीएच म्हणून उभा राहिला. तिन्ही बेस भरलेले होते, बॉस्टनचा पिचर लुईस टियांटनं त्याला वॉक दिला (चार चेंडू बाहेर टाकल्यामुळे बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) आणि एक रन आला.

आता दाव्यातला पहिला भाग, 'फुकटचा बॅटर'. वर्ल्ड सिरीजच्या कुठल्याही मॅचमध्ये एका संघाला डीएच आणि दुसऱ्याला नाही, असं कधीच झालेलं नाही. १९७३ ते १९७५ डीएच कुणालाच नव्हता. १९७६ ते १९८५ एक वर्ष सगळ्या मॅचना डीएच, पुढच्या वर्षी एकाही मॅचला नाही, अशी पाळी होती. १९८६ पासून यजमान संघाच्या लीगचा नियम दोघांनाही लागू झाला; अपवाद फक्त २०२० चा, त्या वर्षी दोन्ही लीगमध्ये डीएच होता.

त्या पाळीच्या दहा वर्षांकडे जरा थांबून बघा, कारण इतकी सोयीची तुलना पुन्हा मिळणार नाही. डीएच असलेल्या पाच सिरीजपैकी तीन नॅशनल लीगनं जिंकल्या: १९७६ सिनसिनाटी, १९८० फिलाडेल्फिया, १९८२ सेंट लुईस. डीएच नसलेल्या पाचपैकी तीन अमेरिकन लीगनं जिंकल्या: १९७७ यांकीज, १९८३ बाल्टिमोर, १९८५ कॅन्सस सिटी. दावा खरा असता तर चित्र बरोबर उलटं दिसायला हवं होतं. १९७६ मध्ये तर सिनसिनाटीनं डॅन ड्रीसनला डीएच केलं, त्यानं .३५७ च्या सरासरीनं बॅटिंग केली आणि यांकीज ४-० असे धुऊन निघाले.

दुसरा मुद्दा असा मांडतात की नियमामुळे अमेरिकन लीगचा काहीच तोटा झाला नाही. झाला, आणि भरपूर झाला. २००९ ची सिरीज आठवा. यांकीजच्या हिदेकी मात्सुईला फिलाडेल्फियातल्या तिन्ही मॅच बाकावर बसून सुरू कराव्या लागल्या, कारण तिथे डीएच नव्हता. मधेच एकदा बॅट हातात मिळायची, तेवढंच. न्यूयॉर्कला परतल्यावर सहाव्या मॅचमध्ये त्यानं एकट्यानं सहा रन काढून दिले आणि सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा माणूस तीन मॅच बाहेर बसतो, याला फुकटचा फायदा कसं म्हणायचं? त्याच्या आदल्या वर्षी, १५ जून २००८ ला तेव्हा नॅशनल लीगमध्ये असलेल्या ह्यूस्टनच्या मैदानावर यांकीजचा पिचर चिएन-मिंग वांग बेसवरून होमकडे धावताना पाय दुखावून बसला आणि त्याचा मोसम तिथेच संपला. त्याआधीच्या दोन्ही मोसमांत त्यानं १९-१९ विजय मिळवले होते. अमेरिकन लीगच्या मैदानावर त्याला धावावंच लागलं नसतं.

तिसरा पुरावा म्हणून इंटरलीगचे, म्हणजे नियमित मोसमात दोन लीगच्या संघांमध्ये होणाऱ्या मॅचचे आकडे दाखवतात. २००४ ते २०१७ सलग चौदा मोसम अमेरिकन लीग पुढे होती, २००६ मध्ये तर १५४-९८. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण इंटरलीग सुरू झालं १९९७ मध्ये, आणि २००३ पर्यंतच्या सात मोसमांपैकी चारांत नॅशनल लीग पुढे होती. नियम तोच, शब्दही बदलला नव्हता. मग बदललं काय? माझ्या मते संघ बदलले: बॉस्टन आणि न्यूयॉर्कनं ओतलेला पैसा, आणि त्यांना गाठण्यासाठी बाकीच्यांनी केलेली धडपड.

वर्ल्ड सिरीजचा एकूण हिशेब सांगायचा तर १९७३ ते २०२१ अमेरिकन लीग २५, नॅशनल लीग २३. (१९९४ ची सिरीज संपामुळे झालीच नाही.)

डीएचनं एक गोष्ट मात्र नक्की बिघडवली: दोन लीगमधल्या खेळाडूंची तुलना. नॅशनल लीगच्या पिचरला समोर नववा बॅटर म्हणून बहुधा दुसरा पिचरच मिळायचा, म्हणजे जवळजवळ हमखास आउट. पिचर रॉजर क्लेमन्सचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) २००३ मध्ये यांकीजकडे ३.९१ होता, ह्यूस्टनला गेल्यावर २००४ मध्ये २.९८ झाला. बेचाळिशीत माणूस अचानक सुधारला, असं समजण्याआधी हा फरक लक्षात घ्यायलाच हवा. पण हा आकडे वाचण्याचा प्रश्न आहे, विजेतेपदांचा नाही.

२०२२ पासून डीएच दोन्ही लीगमध्ये आहे. त्यानंतरच्या पहिल्या चार सिरीज अमेरिकन लीगच्या ह्यूस्टन (२०१३ पासून हा संघ त्या लीगमध्ये आहे) आणि टेक्सस, मग नॅशनल लीगच्या डॉजर्स आणि पुन्हा डॉजर्स यांनी जिंकल्या, म्हणजे २-२. आणि २०२४ मध्ये फक्त डीएच म्हणून खेळून ५४ होम रन मारणारा, सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा शोहेई ओहतानी नॅशनल लीगचा होता.