मिनेसोटातले डबे आणि मामांची फाइल

दर गुरुवारी सकाळी मी मिनिआपोलिसच्या एका उपनगरातील चर्चच्या तळघरातून जेवणाचे डबे गाडीत भरतो आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना पोहोचवतो. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: कोणाला मीठ कमी, कोणाला मधुमेह, एका आजींच्या चिठ्ठीवर तर 'दार जोरात ठोठावा, ऐकू येत नाही' एवढेच. माझ्याबरोबर येणारे निवृत्त शिक्षक मिसूरी सिनॉड या सनातनी लुथेरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) पंथाचे, तर स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई ईएलसीए या मोठ्या आणि उदारमतवादी लुथेरन पंथाच्या. बाईंच्या परंपरेत 1970 पासून स्त्रिया पाळक, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, होतात. मास्तरांना ते मुळीच मान्य नाही, आणि बाईंच्या चर्चमध्ये ते प्रभुभोजनही, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा प्रसादही, घेणार नाहीत. रश्श्यात मीठ किती असावे यावर मात्र दोघे अगदी हक्काने भांडतात.

या राज्यातील लुथेरन सेवाकार्याची सुरुवात 1865 मध्ये झाली. वासा या स्वीडिश वस्तीतील पाळक एरिक नोरेलियस यांनी चार अनाथ मुलांना आसरा दिला, आणि पुढे त्यातूनच लुथेरन सोशल सर्व्हिस ऑफ मिनेसोटा ही संस्था वाढली. अशा संस्था देशभर आपापल्या परीने काम करीत होत्या. 1997 मध्ये दोन्ही पंथांनी मिळून लुथेरन सर्व्हिसेस इन अमेरिका ही शिखर संस्था उभारली आणि आज सुमारे 300 संस्था तिच्या सभासद आहेत. धर्मशास्त्रातले मतभेद तसेच ठेवून वॉशिंग्टनमध्ये बाजू एकत्र मांडायची आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी आणायचा, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडचा वाद फोनवर रंगतो तेव्हा मला हा व्यवहार आठवतो. शिर्डी संस्थानाने 2018 मध्ये निळवंडे प्रकल्पासाठी सरकारला 500 कोटी रुपये बिनव्याजी देऊ केले, तेव्हापासून आमच्या घरात दोन तट आहेत. भक्तांचे दान कालव्याला का, असे थोरले बंधू विचारतात. देवाकडे पडून राहण्यापेक्षा पाणी तरी येईल, असे भाचा म्हणतो. ख्रिस्ती संस्थांचा विषय निघाला की दोघांचे एकमत होते: सेवेच्या आड धर्मांतर. या शंकेला मी हसत नाही, कारण तिचा इतिहास आहे. पण इथे सरकारचा थेट निधी प्रार्थनेसाठी किंवा धर्मप्रसारासाठी वापरता येत नाही, आणि गेल्या सात वर्षांत त्या तळघरात मला कोणी येशूबद्दल एक शब्दही विचारलेला नाही, हेही मला सांगावेसे वाटते.

माझी तक्रार वेगळी आहे. मामांच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी मी मुंबईत सहा आठवडे होतो. पाच न्यासांकडे पाच अर्ज, प्रत्येकासोबत रेशनकार्डाची प्रत, उत्पन्नाचा दाखला आणि खर्चाचे अंदाजपत्रक. एका ठिकाणी डॉक्टरांची सही निळ्या शाईत नाही म्हणून फाइल परत आली. मदत पाचांपैकी तिघांनी केली आणि तीही मनापासून केली. परंतु एकाच रुग्णाची तीच कागदपत्रे पाच टेबलांवर पाच वेळा तपासली गेली, आणि त्या टेबलांमध्ये साधा फोनही झाला नाही. शेगावच्या सेवेकऱ्यांची शिस्त ज्याने पाहिली आहे, तो आपल्याकडे सेवाभाव कमी आहे असे म्हणणार नाही. कमी आहे ते दुसऱ्याच्या पाटीखाली उभे राहण्याची तयारी.

अर्थात इथलेही सगळे गोड नाही. या संस्थांचा मोठा आधार सरकारी पैसा आहे. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प सरकारने निर्वासितांना देशात वसवण्याचा कार्यक्रम थांबवला, तेव्हा 1939 पासून हे काम करणाऱ्या आणि आता ग्लोबल रेफ्यूज म्हणवणाऱ्या लुथेरन मुळाच्या संस्थेलाही त्याचा फटका बसला. फेब्रुवारीत माजी जनरल मायकेल फ्लिन यांनी लुथेरन संस्थांवर मनी लाँडरिंगचा, म्हणजे गैरमार्गाचा पैसा वैध भासवण्याचा, आरोप केला आणि इलॉन मस्क यांनी त्याला दुजोरा दिला. सेवेच्या आड काय चालते, हा आमच्या घरातला प्रश्न मी इथल्या बातम्यांत तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्या महिन्यात आमच्या तळघरात डब्यांशेजारी गाद्या, ताटल्या आणि लहान मुलांचे बूट साठू लागले. नुकत्याच आलेल्या एका कुटुंबाच्या घरभाड्याचे पैसे मिळणार नव्हते. मास्तरांच्या चर्चने एका महिन्याचे भाडे दिले, बाईंच्या चर्चने दुसऱ्या महिन्याचे, आणि अर्ज मात्र त्या कुटुंबाने एकदाच भरला.